साफ प्रत

सेलू, १४ नोव्हेंबर २००५

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी बोरूचा आवाज ऐकला. खरा नव्हे, बोरू आता कोणाकडे असणार. मी ओसरीवर बसलो होतो, जयवंता झाडत होती, तिच्या खराट्याची एक काडी फरशीवर ओरखडली आणि साठ वर्षांपूर्वीची आमची चौथीची खोली कानात जागी झाली. तीस पोरं मान खाली घालून कित्ता गिरवताहेत, तीस बोरू जाड कागदावर कुरकुरताहेत आणि त्या कुरकुरीतून अण्णाजी मास्तर अनवाणी फिरताहेत. ते मागे येऊन उभे राहिले तरी पाऊल वाजायचं नाही. पण आपला बोरू आपोआप हळू चालायला लागायचा.

अण्णाजींचा एक नियम होता. हातून काही चूक घडली असेल त्यानं चपला काढून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. त्यांनी "काय सांगायचं आहे?" विचारलं की तिथूनच सांगायचं. मग ते "ये" म्हणायचे. सांगणाऱ्याला मार नाही. पुढे मी मास्तर झालो तेव्हा तो नियम माझ्याही वर्गात आणला आणि छत्तीस वर्षं चालवला. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला आम्ही कविता म्हणायचो, तेव्हासुद्धा दाराबाहेर एखादा उभा असायचा आणि तिथूनच आमच्या सुरात सूर मिळवायचा.

हे सगळं तुला कशाला लिहितो आहे कोण जाणे. नीरज असता तर म्हणाला असता, बाबा सुरू झाले. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, आणि तू खुशीला घेऊन हे घर सोडलंस त्याला अडीच. माझ्या मुलाच्या माघारी तू साडेतीन वर्षं या घरात राहिलीस. सासऱ्याजवळ राहण्याची तुझ्यावर काही सक्ती नव्हती.

खुशीचं दिवाळीचं कार्ड मिळालं. कॉम्प्युटरवर छापलेलं, पणत्यांचं. "आजोबा" हा शब्दसुद्धा छापलेला. कार्ड उलटून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. हातानं लिहिलेलं एक अक्षर कुठे नाही.

माझी सवय तुला ठाऊक आहे, आधी कच्चं लिहितो, मग साफ प्रत काढतो. या पत्राच्या कच्च्या कागदावर आणखी चार ओळी होत्या. साफ करताना गाळल्या. विशेष काही नव्हतं त्यात.

ताराचंद


सेलू, ४ डिसेंबर २००५

चि. हर्षास आशीर्वाद.

उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होतो. पाहतो.

काल कवडू कंडक्टर येऊन गेला. त्याची ड्युटी आता तुमच्या नागपूरच्या गाडीवर आहे. म्हणाला, "ताई एका दवाखान्यात केसपेपर टाइप करते जी. दिवसभर मान वर नाई. मी म्हनलं, गुरुजींले काई निरोप? तं म्हने, खुशीचा अभ्यास चांगला चालू आहे म्हनून सांगजा." एवढाच निरोप. मी त्याला तो दोनदा म्हणायला लावला.

तुझ्या कपाटाच्या खालच्या खणात विद्यापीठाची माहितीपुस्तिका सापडली. निळ्या कव्हराची. एम. एस्सी., माहिती तंत्रज्ञान, दूरशिक्षण. नवव्या पानावर तू पेन्सिलीनं रेघ ओढली आहेस: नोंदणीपासून पाच वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागेल. तुझी नोंदणी जुलै २००१ ची. म्हणजे येता जून शेवटचा, आणि त्याचा फॉर्म भरायची तारीख एकतीस मार्च. ती गेली की पास झालेली तीन सत्रंही गेली.

त्या पुस्तकांचं पहिलं पार्सल आलं तो दिवस आठवतो. ज्युनिअर कॉलेजातून शिकवून आलीस, हात धुतलेस आणि स्वयंपाकघरातच जमिनीवर बसून सुतळी सोडलीस. कापली नाहीस, सोडलीस. मग प्रत्येक पुस्तकाचा वास घेतलास. मला वाटलं, ही आपल्यातलीच आहे.

घरी कॉम्प्युटर नव्हता. पहाटे उठून तू प्रोग्रॅम कागदावर लिहायचीस, डोळे मिटून तो मनातल्या मनात चालवायचीस आणि रविवारी वर्ध्याच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन तिथल्या मशीनवर उतरवायचीस. लाइट नसली की तशीच परत. मग पुन्हा पुढचा रविवार. दुसरं कोणी असतं तर कंटाळलं असतं. खुशी त्या दिवशी माझ्याकडे. ती मांजरं काढायची, मी तिला कविता म्हणून दाखवायचो.

एकदा मी तुझा कागद हातात घेतला. लहान-मोठ्या ओळी, काही आत सरकवलेल्या, शेवटी पुन्हा कडेला आलेल्या. मी विचारलं, "हर्षा, यात वृत्त कोणतं गं?"

तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, "मामाजी, यात एक ओळ चुकली तं सारं बंद पडते. तुमच्या कवितेत होते का तसं?"

"होतं," मी म्हटलं. "फक्त तिथे कोणाला कळत नाही."

तू हसलीस. नीरज गेल्यावर मी तुला हसताना पाहिलं ते पहिल्यांदा तेव्हा.

पुढचा परिच्छेद साफ करताना गाळला आहे.

ताराचंद


सेलू, १४ जानेवारी २००६

चि. हर्षास आशीर्वाद. खुशीला तीळगूळ कवडूबरोबर पाठवला आहे.

गाळलेला परिच्छेद आज लिहितो.

मार्च २००३. तुझं शेवटचं सत्र. जूनपर्यंत पदवी हाती आली की कॉलेजातली तुझी नोकरी कायम होणार होती. खुशीला गोवर निघाला होता, तुझी बारावीच्या परीक्षेवर ड्युटी होती. स्वाध्याय लिहून तू पाकिटात घातलेस आणि मला म्हणालीस, "मामाजी, शनिवारपर्यंत वर्ध्याले नेऊन द्याल का? मले जमत नाई आता." त्या दिवशी मंगळवार होता.

तू गेल्यावर मी पाकीट उघडलं. कशाला उघडलं, सांगता येत नाही. कदाचित त्या लहान-मोठ्या ओळी पुन्हा पाहायच्या होत्या. पाहिलं तर पानापानावर खोडाखोड. बाण काढून एकीकडचं दुसरीकडे नेलेलं. अकराव्या पानावर दुधाच्या पेल्याचा गोल डाग आणि त्या डागाला कान आणि मिशा लावून खुशीनं केलेलं मांजर. मला लाज वाटली. हे असे कागद आपल्या घरातून साहेबांपुढे जाणार.

तुला ठाऊक आहे, सेलूतल्या निम्म्या घरांचे अर्ज माझ्या हातचे. शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचार माझा, लग्नपत्रिकेचा मजकूर माझा, कोणाच्या मुलाची नोकरीची विनंती माझी. लोक कच्चं घेऊन यायचे, मी साफ करून द्यायचो. जन्मभर हेच केलं, आणि लोकांनी त्यासाठी हात जोडले. त्यात काही खोटं असतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

चार दिवस तू ड्युटीवर गेलीस की मी बसायचो. एकशे बारा पानं. मांडी बधिर व्हायची. खुशी अंगावर पुरळ घेऊन शेजारी झोपलेली, आणि मी तुझ्या ओळी जशा आत सरकवलेल्या तशाच सरकवत, गुणगुणत, उतरवत होतो. अर्थ एका ओळीचा कळला नाही. तरी सांगतो, नीरजनंतर इतक्या आनंदाचे दिवस मला मिळाले नव्हते. वर तुझ्या सहीचं पान तसंच लावलं आणि शनिवारी वर्ध्याला नेऊन दिलं. तुला बोललो नाही. वाटलं, गुण जास्त आले की सांगू.

स्वाध्याय विद्यार्थ्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावेत, हे चौदाव्या पानावर छापलेलं आहे. ते पान मी परवा वाचलं.

ताराचंद


सेलू, ५ फेब्रुवारी २००६

चि. हर्षा,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते सोपं होतं. त्यात माझा मूर्खपणा आहे, आणि म्हाताऱ्याच्या मूर्खपणाला लोक क्षमा करतात. पुढचं तसं नाही.

तपासनिसानं तुझ्या उत्तरपत्रिका आणि स्वाध्याय शेजारी ठेवले. अक्षर वेगळं. केंद्रानं तुला बोलावून विचारलं, हे तुम्ही लिहिलेत? तू न पाहताच म्हणालीस, हो, मीच लिहिले. कारण तू लिहिले होतेस. मग त्यांनी फाइल उघडून तुझ्यापुढे सरकवली.

त्या दुपारी तू घरी आलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस. "मामाजी, हे काऊन केलं तुमी? मले एकदा इचारलं असतं." मग तूच म्हणालीस, "जाऊ द्या. सोमवारी येऊन फक्त एवढं सांगा का मजकूर तिचा, अक्षर माझं. मी केंद्रावर बोलली नाई अजून. तुमच्या तोंडूनच सांगा तुमी." मी हो म्हटलं. माझी लाज राखायला तू तिथे गप्प बसली होतीस.

सोमवारी आपण गेलो. तिथला समन्वयक ओमप्रकाश निघाला. माझा विद्यार्थी. माझ्या वर्गाच्या दाराबाहेर जितका तो उभा राहिला असेल तितका दुसरा कोणी नाही. कैऱ्या पाडल्या, उभा. पाटी फोडली, उभा. तो खुर्चीतून उठला आणि बाहेरून आलेल्या दोन प्राध्यापकांसमोर माझ्या पाया पडला. त्यांना म्हणाला, "हे आमचे गुरुजी. मले लिहाले यायनंच शिकवलं. आणि खोटं बोलाचं नाई, हेही यायनंच." मग खुर्ची पुढे केली. मी बसलो. तू उभी होतीस.

त्यानं फाइल माझ्यापुढे ठेवली. "गुरुजी, हे अक्षर तुमचं आहे काय?"

पान अकरावं होतं. तिथे डाग नव्हता. स्वच्छ, गोल, एका रेषेत लिहिलेलं पान. तिन्ही माणसं माझ्याकडे आदरानं पाहत होती, आणि तो आदर आणखी थोडा वेळ तसाच राहावा एवढंच मला वाटलं.

मी म्हटलं, "नाही."

ओमप्रकाशनं पुन्हा विचारलं नाही. फाइल मिटताना त्याचा हात पानावरून एकदा फिरला. तू माझ्याकडे पाहिलंस, पर्स उचललीस. परतीच्या गाडीत तू पुढे बायकांच्या सीटवर बसलीस, मी मागे. सेलूपर्यंत तुझी पाठ दिसत होती.

स्वाध्याय रद्द झाले. पदवी थांबली. जूनमध्ये कॉलेजनं दुसरी बाई घेतली. आणि दुसऱ्याकडून लिहून घेणारी म्हणून तुझं नाव झालं, तेही मी चार दिवस बसून वळणदार काढलेल्या अक्षरापायी.

ताराचंद


सेलू, २६ फेब्रुवारी २००६

चि. हर्षा,

अजून एक राहिलं आहे. पाच तारखेच्या पत्रात लिहायला बसलो होतो, पुन्हा गाळलं.

त्या सोमवारनंतर तू मला एकच विचारलंस. "मामाजी, मी लिहिलेले मूळ कागद कुठं आहेत? ते दाखवले तरी काम होते." मी म्हटलं, रद्दीत दिले.

दिले नव्हते. माझ्या लोखंडी पेटीत होते, नीरजच्या शाळेच्या वह्यांखाली. ते बाहेर काढले असते तर तुझं खरं ठरलं असतं आणि माझं "नाही" खोटं. म्हणून काढले नाहीत. फेकवतही नव्हते. मांजरामुळे असेल.

तीन वर्षांनी ते जयवंतानं काढले. पेटीत उंदराचा आवाज येत होता म्हणून तिनं किल्ली मागितली. मी कविता वाचत होतो, दिली. थोड्या वेळानं ती फाइल घेऊन माझ्यापुढे उभी.

"गुरुजी, हे तं खुशीचं मांजर होय."

"जुने कागद आहेत. ठेव आत."

"मले वाचता येत नाई, पन मांजर वाचता येते. हे हर्षाताईचेच कागद. ज्याच्यापायी ती रडत होती तेच ना?" मी पुस्तकात पाहत राहिलो. ती खाली बसली. "जाच्या आधी मले इचारत होती, जयवंता, मामाजीनं रद्दीवाल्याले काय काय देल्लं? मी म्हनलं, रद्दीवाला तं महिनाभर इकडे फिरकलाच नाई."

मी पुस्तक मिटलं. "म्हणजे तिला ठाऊक होतं?"

"न असाले काय झालं?"

"मग पेटी का नाही उघडली तिनं?"

"चाबी तुमच्या कमरेले," जयवंता म्हणाली. "ती काय सासऱ्याच्या कमरेले हात घालन? वाट पाह्यत होती बिचारी. पंधरा दिवस पाह्यली. मंग गेली." उठताना म्हणाली, "वांगे आणले आहेत वाडीतले. खाजा. नाईतं तेही पेटीत ठेवान."

त्या पंधरा दिवसांत तू रोज माझं ताट वाढत होतीस. पाण्याचा तांब्या ठेवून क्षणभर उभी राहायचीस. मला वाटायचं, आणखी काही हवं का ते पाहतेस.

ताराचंद


सेलू, १२ मार्च २००६

चि. हर्षा,

या पत्राची साफ प्रत काढणार नाही. ओळ खाली घसरते, जिथे खोडलं आहे तिथे खोडलेलंही तुला वाचता येईल. राहू दे तसंच. तुझे कागद असेच होते आणि खरे होते.

एक तारखेला तुझी एकशे बारा पानं मी विद्यापीठाच्या नागपूरच्या कार्यालयात रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबत माझं निवेदन. मजकूर माझ्या सुनेचा, अक्षर माझं, तिच्या नकळत, आणि चौकशीत मी खोटं बोललो. चार ओळींत मावलं. तीन वर्षं जे ओठांवर येत नव्हतं ते चार ओळींचं निघालं. खाली सही केली आणि "निवृत्त मुख्याध्यापक" असं लिहिलं. मग ते खोडून नुसतं नाव ठेवलं.

खरं तर ते वर्ध्याला, ओमप्रकाशकडे द्यायला हवं होतं. सेलूच्या स्टँडवर दोनदा गेलो. गाडी लागली, सुटली. त्याच्यापुढे उभं राहणं जमलं नाही. तेवढा भित्रेपणा अजून आहे, तोही लिहून ठेवतो.

नागपूरहून काही उत्तर नाही. ते ऐकतील की नाही, ऐकलं तरी एकतीसच्या आत ऐकतील का, ठाऊक नाही. तू आता फॉर्म भरशील का, हेही नाही. दवाखान्यातून सुटून, खुशीचं करून, पुन्हा पहाटे उठून ते सगळं मनात चालवायचं. मी कोणत्या तोंडानं सांगू, कर म्हणून.

आज रविवार. तू वर्ध्याला जायचीस तो दिवस. सकाळी शाळेकडे चक्कर मारून आलो. दारातल्या फळ्यावर आता सुविचार नसतो, कसल्याशा क्लासची जाहिरात चिकटवलेली असते. आत माझ्या खोलीत बाकं आली आहेत. उंबरा मात्र तोच, मधोमध झिजलेला. तिथे किती पोरं उभी राहिली असतील त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. सांगितलं की विसरायचं, असा कायदाच होता. आज प्रथमच मनात आलं की अण्णाजी गेल्यानंतर मी स्वतः कोणाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो नाही. मला "ये" म्हणणारं वर कोणी उरलं नव्हतं, आणि त्यालाच मी मोठेपण समजलो.

खुशीला सांग, तिचं मांजर मी

थांबावं लागलं. बाहेर स्कूटर थांबली आहे. जयवंता भाजी देऊन गेली ती दार उघडंच टाकून गेली, त्यामुळे टेबलावरून सरळ अंगण दिसतं. ओमप्रकाश आहे. केस पांढरे झालेत त्याचे. मी उठायला लागलो तर हातानंच बसा म्हणाला.

"होऊ द्या तुमचं लिहून, गुरुजी. मी आहो उभा."

चपला त्यानं पायरीखाली काढल्या आहेत. उंबऱ्याबाहेर उभा आहे, आत येत नाही. काखेत तुझी फाइल आहे, नागपूरनं त्याच्याकडेच धाडली असणार; मी ओळखतो, अकराव्या पानाशी थोडी फुगलेली. हातात जूनच्या परीक्षेचा कोरा फॉर्म आहे. मी आपोआप, वर्गातल्यासारखं, विचारलं, "काय सांगायचं आहे?"

तो खाली पाहत होता. म्हणाला, "अक्षर मी तवाच ओळखलं होतं, गुरुजी. त्याच अक्षरावर तं लिहाले शिकलो. पन तुमी नाई म्हनले, आणि तुमाले खोटं कसं म्हनू म्हनून मी त्या बाईले खोटं ठरवलं."

तो अजून तिथेच आहे. मी "ये" म्हटल्याशिवाय तो आत येणार नाही. आणि मी ते म्हणू शकत नाही. कागद इथेच ठेवतो. आधी मला उठून, चपला काढून, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आहे.